फेरफार क्रमांक ४१२

मालवणच्या निबंधक कार्यालयात पंख्याखालची खुर्ची
मला कधी मिळाली नाही.
खिडकीपाशी बसून मी जमिनींची मागची तीस वर्षं वाचायचो,
एका सर्चचे बाराशे, चहा वकिलांचा.

बस्त्याव रॉड्रिग्जला बर्फाचा कारखाना टाकायचा होता
आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी,
सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी, हिस्सा तीन.
बँकेला एकच शब्द हवा होता: निर्वेध.

संगणकावरचा सातबारा धुतल्यासारखा.
इतर हक्कांच्या रकान्यात आडवी रेघ.
पण सवयीनं मी तहसिलात जाऊन जुनं बाड सोडलं.
कसरीनं कडा खाल्लेल्या, आणि आत,
सन सत्तावन्न, फेरफार चारशे बारा,
तलाठ्याचं तिरकं अक्षर:
समुद्राकडील पाच गुंठ्यांत मासळी सुकविण्याची वहिवाट,
भागीरथी रामा तारी व तिच्या मुली.

व तिच्या मुली.
एवढं मी दोनदा वाचलं.

तोवर सव्वापाच झाले. शिपाई किल्ल्या वाजवत उभा.
उद्या मंजुरीची मीटिंग, वकिलांचा तिसरा फोन,
आणि बस्त्यावनं सकाळीच घरी सुरमई पाठवलेली.
लाच नव्हे ती, तो सगळ्यांनाच पाठवायचा.
मी लिहिलं: शोधाअंती कोणताही बोजा आढळून आला नाही.
आढळून आला नाही.
कुणाला, हे विचारायची सोयच नसलेलं वाक्य.

कारखाना नऊ वर्षं चालला.
बर्फाचं असं, की गिऱ्हाईक नसलं तरी
त्याला थंड ठेवावंच लागतं.
वीजबिल थकलं, मग हप्ते,
मग साठ दिवसांची नोटीस, मग ताब्याची;
गेटवर डकवलेला कागद खाऱ्या वाऱ्यानं
तिसऱ्या दिवशी सोडवला, रखवालदारानं परत चिकटवला.
पेपरात जाहिरात आली, राखीव किंमत,
अनामत, आणि खाली बारीक टायपात:
जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे.

मी नजर अधू झाल्यावर सर्च सोडले.
आता तहसिलाबाहेर टेबल मांडून अर्ज लिहितो.
तिथे आली मथुरा मेथर, माहेरची तारी, भागीरथीची धाकटी.
बस्त्यावनं या बायांना कधी अडवलं नव्हतं,
मागच्या भिंतीत त्यांच्यापुरतं फाटक ठेवलं होतं.

"बँकेन फाटकाक टाळा घातल्यान.
बांगडे खंय सुकवू? डोक्यार?"
"कागद काय आसा?"
"कागद कसलो? आवस घाली थंय, मी घालतंय."

मी हरकत लिहायला घेतली.
लिहिता लिहिता सर्व्हे नंबर, हिस्सा, सन,
फेरफार चारशे बारा,
एकही कागद न बघता.

अक्षर तिला लागत नाही. आकडे लागतात, जन्मभर बाजारात बसलीय.
बोट ठेवून म्हणाली,
"ह्यो चारशेबारा तुमका खंयसून गावलो?"

तिकिटाचा गोंद ओला करत मी जरा वेळ काढला.
समोर वडाखाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
मग अर्जाखाली आणखी एक ओळ घातली:
सदर नोंद मी अकरा वर्षांपूर्वी पाहिली होती
आणि माझ्या अहवालात लिहिली नव्हती.
खाली माझं नाव, वडिलांचं, आडनाव, मुक्काम पोस्ट.

तिला वाचून दाखवली.
ती काही बोलली नाही. टोपलीवरचं फडकं नीट केलं,
वीस रुपये ठेवले. मी घेतले.

लिलाव गुरुवारी अकराला.
कोल्हापूरची एक पार्टी जागा बघून गेली म्हणतात.
अर्जाची पोच मिळालीय,
शिक्का अर्धाच उमटलाय, तारीख लागते.