ठोकून पाहणे

भुसावळात सव्वादोनच्या तासाला
पंखा इथे फिरतो आणि वारा दुसऱ्याच वर्गात जातो.
बोंडे मॅडम फळ्यावर लिहितात :
थीम, टोन, इमेजरी, राइम स्कीम.
खाली दोन रेघा. म्हणजे परीक्षेला नक्की.

कविता बारा ओळींची. एक बाई फाटकाशी उभी आहे.
बस, एवढंच.
मी उपमा लाल पेनाने धरल्या,
यमकं हिरव्याने,
अनुप्रास पेन्सिलीने, कारण त्याची खात्री नव्हती.
तास संपला तेव्हा कागद
रंगपंचमीनंतरच्या सदऱ्यासारखा झाला होता
आणि बाई फाटकाशी तशीच.
कशासाठी उभी, ते मी विचारलंच नव्हतं.

घरी आप्पा रेडिओचे सेल उन्हात मांडत होते.
एकतीस वर्षं कॅरेज-वॅगनला.
रात्री गाडी यार्डात थांबली की
लांब दांड्याची हातोडी घेऊन
डब्याडब्याशी वाकत जायचं.
चाकाला एक ठोका, कान पुढे.
टण् वाजलं तर चाक धड.
ठस्स वाजलं तर आत कुठेतरी तडा,
डोळ्याला न दिसणारा, बॅटरीलाही नाही.

"काय वाचते वं एवढं रंगवून?"
मी एक ओळ वाचून दाखवली. इंग्रजीतच.
अर्थ सांगणार तेवढ्यात म्हणाले,
"थांब. पुन्हा म्हन. हळू."
पुन्हा म्हटली.
"तो शेवटचा शब्द काय, स्टील?"
"स्टील नाही आप्पा. स्टिल."
"म्हंजे?"
म्हणजे अजून, मी म्हणाले
आणि तिथेच अडकले.
म्हणजे अजून. म्हणजे निश्चल.
ती अजून उभी आहे. ती हलत नाही.
एकाच शब्दाचे दोन आवाज
आणि त्याच्यावर पेनही न टेकवता मी पुढे गेले होते,
कारण तो फळ्यावरच्या कुठल्याच खणात बसत नव्हता.

त्या रात्री वही मिटून
बारा ओळी तोंडाने ठोकत गेले.
चौथी ओळ मधेच का तुटते?
श्वास नेमका तिथेच का कमी पडतो?
फाटकाला बिजागरी आहे, कडी आहे, गंज आहे,
रस्ता कुठे आहे?
नवव्या ओळीत 'फॉरएव्हर' होता.
त्याला ठोका दिला. ठस्स.
परत दिला. ठस्स.
यमकासाठी आणून बसवलेला,
बाईच्या तो गावीही नव्हता.

परीक्षेत मी तेच लिहिलं.
दहापैकी साडेपाच.
समासात लाल प्रश्नचिन्ह,
त्याच्या बाजूला बारीक अक्षरात, खोडलेलं तरी वाचता येणारं :
मलाही तसंच वाटतं.

आप्पांना पेपर दाखवला.
त्यांनी प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं, बराच वेळ.
मग म्हणाले, एकदा पहाटे तीनला
एका चाकावर खडूने फुली मारली होती.
गाडी पन्नास मिनिटं अडली.
खिडक्या-खिडक्यांतून शिव्या,
साहेब लुंगीवर धावत आला.
डबा काढला, गाडी गेली.
"मग?"
"मग काय. काही झालं नाही,"
आप्पा म्हणाले,
आणि सेल उन्हाकडे वळवून ठेवले.