सहा स्क्रूंची पट्टी

चर्चच्या ऑफिसातून चिठ्ठी आली:
दोन वर्षं भरली, कबर मोकळी करावी.
खाली शिक्का, आणि पेनाने वेगळं लिहिलेलं,
सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत.

ठाण्यात जिवंतांनाच जागा पुरत नाही,
मेलेल्यांनी तरी किती दिवस पाय पसरायचे.

रुजायने फावडं बाजूला ठेवलं,
पेटीच्या कुजक्या फळ्या उचलल्या
आणि हातानेच माती चाळू लागला,
सुपातले खडे वेचावेत तशी.
बरगड्या. कवटी. कोटाची एक गुंडी,
लग्नातला कोट, शेवटी शेवटी फार सैल झालेला.
मग मांडीचं हाड,
आणि त्याला अजून धरून बसलेली स्टीलची पट्टी.
सहा स्क्रू. सिव्हिलमध्ये बसवलेले, शहाऐंशी साली,
वागळे इस्टेटमधल्या प्रेसने पाय धरला तेव्हा.
"याचं काय करू?" रुजाय म्हणाला,
"हे काही तुझ्या बापाचं नाही. सरकारी आहे."
मी हसले.
मग हसता येईना.

ईस्टरच्या आठवड्यात जन्मले
म्हणून आजीने नाव ठेवलं पास्कू.
जिन्यावर त्यांचा एक पाय ठाम पडायचा,
दुसरा घासत यायचा.
ठक्, सर्र. ठक्, सर्र.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही भावंडं
तेवढ्या वेळात रेडिओ बंद करून पुस्तकं उघडायचो.

देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन,
हे दर रविवारी म्हणत आले, पाढ्यासारखं.
आज तो देह घमेल्यात होता,
घमेलं माझ्या मांडीवर,
आणि पाढा मधेच अडकला.

शिकवणीच्या वर्गात फादर म्हणाले होते,
तिथे सगळे धडधाकट उठतील,
लंगडे हरणासारखे उड्या मारतील.
मी नऊ वर्षांची. घाबरले.
उड्या मारत येणारा माणूस
माझा बाबा आहे, हे मला कळणार कसं?

त्यालाही कबर उसनीच मिळाली होती.
तीनच दिवसांत परत केली,
डोक्याचा रुमाल घडी घालून वेगळा ठेवला,
समजूतदार पाहुण्यासारखा.
मरियेला वाटलं, माळी आहे.
वाटेवरचे दोघे मैलोन्मैल सोबत चालले,
त्यांना तर चेहराही ओळखू आला नाही.
थोमाला मात्र कळलं.
ज्याने मरणच मोडून टाकलं
त्याने तळहाताची भोकं बुजवली नव्हती.
विसरला असेल, असं मला वाटत नाही.

भिंतीतला कोनाडा, पोस्टाच्या पेटीएवढा.
आत आजी, आत धाकटा काका.
पांढऱ्या पिशवीत बाबा, पिशवी मी शिवलेली,
टाके वाकडे.
रुजायने सिमेंट थापलं, बोटाने क्रूस ओढला,
आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

पट्टी घरी आणली.
ओट्याच्या खणात आहे, लायटरच्या शेजारी.
तिकडे ती लागणार नाही, एवढं मी मानते.
दुखणंही घे, प्रभू. थंडीत पाऊण रात्र
ते पाय चोळत बसायचे, तेही घे.
पण लंगडणं ठेव.

शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल म्हणतात.
मला ती ऐकू आली नाही तरी चालेल.
जिना ऐकू येऊ दे.