कोरच्या पेट्या

वणीच्या पुढं, ड्रिलिंगच्या कॅम्पवर
माझं काम एवढंच होतं:
दगडाची कांडी वर आली की धुवायची,
पेटीच्या खाचेत निजवायची
आणि तेलकट खडूनं मीटर लिहायचे.
अक्षर बरं म्हणून ठेवलं होतं मला.

पहिले एकतीस मीटर काळा दगड.
विहीर खांदणाऱ्यांच्या त्याच्यासाठी वेगळ्या शिव्या असतात.
मग पिवळट, वाळूचा, बोटानं झडणारा.
मग राखाडी, किती दिवस राखाडी.
मग एकदम हलकं, हाताला लागणारं काळं,
आणि त्या रात्री साहेबांकडून सगळ्यांना मटण.

तंबूत जगाचा नकाशा होता,
एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
त्यात देश नव्हते. नागपूरसुद्धा नव्हतं.
नुसते रंग, दगडांच्या वयाचे.
आपलं अख्खं वऱ्हाड नखाएवढं हिरवं.

मानकूबाई सिडाम पाण्याची कॅन घेऊन आली, थबकली.
"काय लिवलं हे?"
आफ्रिकेवरून, ऑस्ट्रेलियावरून, खाली पार बर्फावरून
एकच शब्द तिरपा पसरला होता.
मी वाचला: गोंडवाना.
तिनं कॅन खाली ठेवली.
"एवढं आमचं?"
नाव तुमचं, साहेब म्हणाले.
"अन् सातबारा?"
साहेब हसले.
तीही हसली, पण जरा उशिरा.

मग मी तिला एकशे अठ्ठ्याऐंशी मीटरची कांडी दाखवली.
मोडली होती तिथं आत पान होतं,
जिभेसारखं, मधली शीर सरळ,
बाजूनं बारीक जाळी.
हेच पान तिकडं बर्फाखालच्या दगडातही असते, म्हटलं.
तिनं ओल्या बोटानं पुसून पाहिलं.
"मोहाचं नाही. टेंभराचं नाही. पळसाचं तं नाहीच."
ते झाडच नाही आता, मावशी.
"मंग कोणी तोडलं?"

जाताना सूचीपाशी वाकली,
बारक्या चौकोनांवरून बोट नेत शेवटच्यावर थांबली.
"हा पांढरा काय म्हणते?"
माहिती उपलब्ध नाही, मी वाचलं.
"हा बरा हाये. खरं बोलते."

पेट्या ट्रकमध्ये चढल्या त्या दिवशी
एकशे अठ्ठ्याऐंशीच्या खाली मी खडूनं
बारीक मा. सि. लिहिलं.
कोणी विचारलं तर नमुन्याची खूण आहे म्हणणार होतो.
कोणी विचारलं नाही.