मुकादमचं कोटेशन

लोंबत्या होल्डरखाली उभा राहून तो म्हणाला,
"मॅडम, या घरात अर्थच नाही."
मी चौतीस वर्षं प्रुफं तपासली आहेत.
अशी वाक्यं मला लागतात.

शरीफ मुकादम. मूळचा दाभोळचा,
राहतो पार्कसाइटला, मशिदीमागच्या चढावर.
इस्त्रीवाल्याच्या ओळखीनं बोलावला,
कारण फ्रिजचं दार उघडताना रोज
बोटाला एक चिमटा बसायचा.
कन्नमवार नगरात एवढ्या वर्षांत
मला दुसरं कुणी चिमटा काढत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रबरी चप्पल त्यानं दारात काढली नाही.
"काढली असती," म्हणाला, "पण तुमच्या भिंतींचा भरवसा नाही."

कोटेशन दिलं स्विचच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
पॉइंट एकोणीस. अर्थिंग वेगळं. फोडकाम, मजूरी.
मी सवयीनं लाल पेन काढलं,
मजूरीतला दीर्घ ऱ्हस्व केला, फोडकामाखाली रेघ मारली.
पुठ्ठा परत घेताना त्याचा चेहरा उतरला.
"एवढं कापलंत?"
नाही हो, म्हटलं, आकड्यांना मी हात लावत नाही.
तरी त्यानं आपणहून आठशे कमी केले.
भीतीनं की दयेनं, अजून कळलेलं नाही.

अर्धे पैसे आगाऊ. मग तीन दिवस "निघालोय."
"सिग्नलला आहे, मॅडम,"
आणि फोनमध्ये मागे कोंबडा आरवायचा.

चौथ्या दिवशी आला. बरोबर भाचा, आयटीआयचा,
शिडीवर चढला की बोलका, उतरला की मुका.
दोघांनी भिंतींना खाचा पाडल्या,
जिऱ्याच्या डब्यापर्यंत सिमेंट पोचलं.
दुपारी भाचा शिडीवरून ओरडला,
"मामू, ही वायर मीटरला जातच नाही!"

स्वयंपाकघरातली ट्यूब. सव्वीस वर्षं
तिच्याखाली मी तांदूळ निवडले, गॅली वाचल्या,
ती जळत होती पेंढरकरबाईंच्या मीटरवर.
त्यांच्याशी मी अकरा वर्षं बोललेले नाही.
मोरीतली गळती. कुणाची, ते ठरलंच नाही.

"तोडू का गुपचूप?" मुकादमनं विचारलं.
"कुणाला कळतंय?"
पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला:
चाळीस वॅट, रोज पाच तास, गुणिले...
मग पेन्सिल ठेवली, पदराला हात पुसले
आणि समोरची घंटा दाबली.

बाई दारात आल्या. केस पांढरे झालेत, दिसले नव्हते इतके दिवस.
सांगितलं सगळं, आकड्यासकट.
"माहीत आहे," त्या म्हणाल्या.
"आणि ही घंटा तुमच्या मीटरवर आहे.
बोर्डाच्या वायरमननं तेव्हाच सांगितलं होतं."
मग बोलला का नाहीत?
"बोलून काय? घंटा वाजवतंय कोण?"

मागे मुकादम टेस्टर खिशाला अडकवून उभा.
"दोन्ही तोडावं लागेल," म्हणाला.
"न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. नवा ब्रेकर टिकायचा नाही."
आम्ही दोघी त्याच्याकडे अशा पाहिलं
की भाच्यानं उगाच शिडी उचलली.

आता अर्थ आहे. जिन्याखाली, मातीत, आठ फूट.
फ्रिज गप्प झालाय.
बिलात मजुरी ऱ्हस्व आली, पहिल्याच फटक्यात.
ती पाहून मी पैसे जरा सैल हातानं दिले.
तीनशे मात्र मागे ठेवलेत,
पेंढरकरबाईंची घंटा जोडायची राहिली म्हणून.

दीड महिना झाला.
फोन केला की निघालोय म्हणतो. कोंबडा आरवतो.
मीही फार मागे लागत नाही.
संध्याकाळी भाजीची वाटी घेऊन जाते
आणि कडी वाजवते.