वस्तऱ्याखाली

डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या शेडसमोर
माझं दोन खुर्च्यांचं दुकान. एक मोडकी,
तिच्यावर वाट बघणारे बसतात,
कालचा पेपर आजचा म्हणून वाचतात.

एकतीस वर्षं माणसांच्या माना धरतो आहे.
डोकं मागे टाकलं की कळतं मला
रात्री झोप झाली की नाही.
मानेवर बोटं ठेवली की कळतं
घरातलं भांडण कुठवर आलंय.

म्हणून वाटायचं, हेही मला कळतं.

दामू गांवस घ्या. तीन ट्रक होते त्याचे,
खाणी थांबल्या, हप्ते थांबले नाहीत.
कानशिलावरची त्याची शीर
साबणाच्या फेसाखालूनही उडते.
तिथं आलो की वस्तरा आपोआप हलका होतो.
'दामूबाब, प्रेशर बघून घे.'
'प्रेशर टायरात असतं रे,' तो म्हणतो,
'आणि टायर विकून झाले.'

किंवा मिंगेल, जहाजावरचा जुना कुक,
मान पिकल्या आटाळ्यासारखी लाल.
एकदा पांढऱ्या फडक्यावर थेंब पडला,
मग दुसरा.
मी माझी पात बघितली, त्याचा गाल बघितला.
नाकातून येत होतं.
'कितें ना,' म्हणाला, 'उष्णता,'
आणि माझंच फडकं नाकाला लावून
पैसे न देता गेला.

आणि रघुवीर माजीक, शाळेचा क्लार्क.
सडपातळ, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही.
त्याची मान म्हणजे वाहत्या ओहोळातला गोटा,
गार, गुळगुळीत.
मी गिऱ्हाइकांना दाखवायचो:
तब्येत असावी तर अशी.

बुधवारी, बाजाराच्या दिवशी,
हेल्थ सेंटरच्या सिस्टर अपोलिनानं
शेडच्या कोपऱ्यात टेबल मांडलं.
सुंगटाच्या वाट्यांशेजारी ते यंत्र.
गंमत म्हणून सगळे गेले.

दामू : एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.
शीर तशीच उडत होती.
मिंगेलचा थोडा वर, पण बोलण्यासारखा नाही.
नाकाचं कानाघशाच्या डॉक्टरला दाखव, म्हणाली.

माजीकच्या हातावर पट्टा फुगला, सुटला.
सिस्टरनं काही लिहिलं नाही.
त्याला भिंतीला पाठ टेकून बसवलं,
बोलू नकोस म्हणाली,
दहा मिनिटांनी दुसरा हात घेतला.
एकशे चौऱ्याण्णव, एकशे बारा.

'पण मला होत काहीच नाही,' माजीक म्हणाला.
दोनदा म्हणाला.
तक्रार केल्यासारखा, यंत्राकडे बघत.
'बहुतेकांना होत नाही,' ती म्हणाली
आणि त्याच्या बायकोचा फोन नंबर मागितला.

मी दुकानात परत आलो. आरशात
मोडक्या खुर्चीवर कुणी नव्हतं.
बोटांकडे बघितलं. एकतीस वर्षं.
किती माना, किती वेळा
'बरा आहेस रे' म्हणून
पावडर मारून, झटकून पाठवून दिल्या.

माझं म्हणाल तर
सकाळी मानेमागे जड वाटतं.
दिवसभर वाकून उभं राहिलं की वाटायचंच.
संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलावर उमटलेला राहतो.
उभ्याचं काम.
जेवताना बायको खारें भाजून देते,
वर लोणचं, आणि मी परत मीठ मागतो
ते माझ्या आईपासूनचं.
यातलं काय मोजायचं आणि काय नाही
मला आता सांगता येत नाही.

दुपारी सिस्टर दारात उभी राहिली.
'बाजारभर फिरले. तूं तेवढा उरलास.'
'गिऱ्हाईक आहे,' मी म्हणालो.
तिनं दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं.

जाताना एक चिठ्ठी ठेवली कंगव्यांच्या डब्यात,
फक्त माझं नाव लिहिलेली,
पुढे दोन रिकाम्या रेघा, मध्ये तिरकी काडी.

परवा माजीक आला.
खिशाच्या पातळ कापडातून
गोळ्यांची चंदेरी पट्टी दिसत होती.
मी दाढी केली, मान पुसली,
बोटं जरा जास्तच वेळ तिथं राहिली.
तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही.

बुधवारी ती परत येणार आहे.
दुकान उघडं ठेवायचं की बंद
ते अजून ठरलेलं नाही.
चिठ्ठी डब्यातच आहे,
तिच्यावर थोडे केस पडलेत,
कुणाचे, आता ओळखता यायचे नाहीत.