आठ इंच

पान चौतिसावर लिहिलंय :
तुकडी आठ इंचांपर्यंत चालू शकते.
आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात :
वळताना बाहेरच्या कोपऱ्यावरून मोजावे.
एवढंच.
ह्या दोन ओळींवरून
मे महिन्याचा अख्खा रविवार
आम्ही त्रिमूर्ती नगरातल्या वरच्या मजल्यावर
भांडत बसलो होतो.

कूलरमधलं पाणी तळाला गेलेलं.
टेबल-टेनिसच्या टेबलावर हिरवी बनात,
थर्मोकोलच्या दोन टेकड्या,
निळ्या रेक्झिनची नदी, जिला उतार नाही.
नदीच्या अलीकडे माझे बारा घोडेस्वार,
प्रत्येकाचा फेटा भिंगाखाली रंगवलेला
(एकाच्या मिशा राहिल्यात, कडेच्या).
पलीकडे विराज खापेकरची तोफ,
तोंड दुसरीकडे करून.
असा क्षण वर्षातून एखादा.

मी फीत लावली. आठ. पोचतो.
"अन् वळण?" विराज म्हणाला,
"वळण काय फुकटात आहे काय बाप्पा?
सव्वा इंच तर फिरण्यातच गेला त्याचा!"
मी म्हणालो, मोजावे, असं लिहिलंय.
वजा करावे, असं कुठे लिहिलंय?

त्याचं खरं होतं, हे मला माहीत होतं.
रांग वळते तेव्हा आतला शिपाई
जागच्या जागी पाय आपटत राहतो
आणि कडेचा, बिनमिशांचा,
तेवढ्याच वेळात जीव तोडून पळतो
लांबून रांग सरळ दिसावी म्हणून.
पण दोन परिच्छेदांच्या मधे
बोटभर कोरा कागद होता
आणि मी त्यात वकिलासारखा
पाय रोवून उभा राहिलो.

शेवटी खालून पराते काकांना बोलावलं.
घरमालक. भूमी अभिलेखमधून रिटायर.
एकतीस वर्षं साखळी ओढलेला माणूस.
काका वाकले, डोळा टेबलाच्या कडेला लावला,
जणू शिवारच बघतायत.
"फीत कोणाची?"
माझी.
"मंग शून्याचं टोक दुसऱ्यानं धरायचं."

मोजलं. पुन्हा मोजलं.
काकांनी बोट त्या कडेच्या घोड्याजवळ ठेवलं
आणि बराच वेळ उचललंच नाही.
"तुमच्या नियमात दोन्ही बसते," म्हणाले.
"दोन्ही बसते तवाच तर मोजणाऱ्याले बोलावते."

मग कोणी विचारलं नसताना :
"हिंगण्याकडं रस्त्याची मोजणी होती.
कागदात लिहून, मध्यापासून पंधरा मीटर.
मध्य कोणता, जुन्या रस्त्याचा का नव्याचा,
ते नव्हतं लिहून.
मी नव्याचा धरला. सोपा पडत होता.
सयाबाई उईकेची विहीर आत आली.
बाई भांडली नाही. एवढंच म्हणाली,
साहेब, मोजाच्या टायमाले
तुमी उभे कोठी होते?"

कूलर कोरडाच घरघरला.
काकांनी बोट काढून घेतलं.
निकाल न देताच जिना उतरले,
मोटर लावायची होती, नळाची वेळ झालेली.

विराज बोलला नाही. तेही बरं नव्हतं,
बोलला असता तर मी भांडलो असतो.
मी बाराही घोडे सव्वा इंच मागे घेतले,
आधी कडेचा, मग बाकीचे.
आता ते बरोबर नदीच्या मधोमध,
निळ्या रेक्झिनवर,
तोफेपासून चार बोटं अलीकडे.

"नदीत थांबता येते काय पण?"
विराजने पुस्तक ओढलं.
पान एकोणचाळीस. झेरॉक्स पुसट.
पाण्यात थांबलेली तुकडी
पुढच्या खेळीत दिशा बदलू शकत नाही.

किती पाण्यात,
ते नव्हतं लिहून.