मुहूर्त अकरा चोपन्न

ऋजुतानं हॉटेलं एकेक करून नाकारली.
एकाचं झुंबर फार मोठं,
दुसऱ्याच्या गालिच्याला शिळ्या हुक्क्याचा वास,
तिसऱ्याचा मॅनेजर सतरा वेळा पॅकेज म्हणाला.
मग म्हणाली, बाबा, मुहर्रकमधलं ते
मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर,
तुम्ही काम केलं होतं ना तिथे?

केलं होतं.
दोन हजार नऊचा उन्हाळा.
प्रवाळाच्या दगडाला ड्रिल लावायचं नाही, असा हुकूम.
छिन्नीनं, दाढ कोरावी तसं कोरत
एकशे चाळीस मीटर वायर मी
त्या भिंतींच्या पोटात झोपवली.
भिंतीतून शंख निघायचे, शिंपल्यांचा चुरा,
एकदा माशाचा अख्खा कणा.
संध्याकाळी कॅम्पच्या दारात
बनियनमधून समुद्र झटकायचो.
उद्घाटनाला बोलावणं नव्हतं.
दिवे लागले, एवढं बसमधून पाहिलं.

आता त्याच दारात अर्ज घेऊन उभा.
रखवालदार खलफ, वय विचारू नये असा माणूस,
नियम बोटांवर मोजतो:
माणसं साठ.
खिळा एकही नाही.
टोकदार टाचा नकोत.
आणि आग नाही.

होमाशिवाय लग्न कसं लावायचं
हे सांगायला माझी साइटवरची अरबी पुरेना.
वर घे, खाली सोड, उद्या ये, पगार कधी,
एवढ्यावर सव्वीस वर्षं निघालेली.
शेवटी म्हटलं, तो आमचा साक्षीदार आहे,
त्याला बसायला जागा हवी.
खलफनं वर पाहिलं, खारफुटीचे वासे,
शंभर वर्षं वाळलेले.
मग उघड्या अंगणाकडे.
मग वाळूचं घमेलं आणायला स्वतःच गेला.

चार फूट बाय चार फूट. टेपनं मापलं.
बोहल्याची रेघ खडूनं, पुसता येईल अशी.
तोरणाला खिळा नाही, म्हणून
दाराच्या दोन कड्यांना मासेमारीची दोरी.
सुलभानं मुंडावळ्या दाखवल्या तेव्हा
त्यानं एक मणी दातांवर घासला
आणि काही बोलला नाही.
मुंडावळ्या दादरच्या, तीनशे रुपयांच्या.
त्याचा बाप या घरासाठी बुड्या मारायचा.
या दारातून आत, म्हणाला, कधी आला नाही.
मी टेप गुंडाळली.

पटवर्धन गुरुजी एरवी गोदीत क्रेन तपासतात.
पंचांग पुण्याचं, सूर्य इथला;
अडीच तास वजा, रेखांशाची मिनिटं अधिक.
शनिवार, अकरा चोपन्न.
खलफ म्हणाला, अकरा बावन्नला अजान.
मशीद भिंतीला लागून. चार मिनिटं.
गुरुजींनी गणित पुन्हा केलं.
अन्वयच्या काकांनी अकोल्याहून फोनवर केलं.
आकडा हलेना.

फेब्रुवारीतला शनिवार.
अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात.
पाचवं मंगलाष्टक संपतं आणि अजान सुरू होते.
गुरुजी थांबतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
साठ मुठींत अक्षता ओल्या होत चाललेल्या.
बादगीरमधून वारा खाली उतरतो,
कापड फुगतं, पुन्हा चपटं होतं.
खालून ऋजुताचे पाय दिसतात,
डाव्या पायाचा अंगठा पाटावर टकटक करतोय,
दहावीच्या पेपराआधी करायचा तसा.

अकरा चोपन्न.
घमेल्यात वाळू आहे, समिधा आहेत, काडी ओढलेली नाही.
पंचावन्न.
समोरच्या भिंतीत माझी वायर कुठून जाते
हे मी डोळे मिटून सांगेन,
पण आज कुणी विचारत नाहीये.

उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खलफ उभा.
कुणीतरी त्याच्याही मुठीत तांदूळ दिलेत
आणि ते कधी टाकायचे हे त्याला ठाऊक नाही.
तो माझ्याकडे बघतोय.
मी मानेनंच सांगतो,
थांब,
अजून नाही.